एका बोटाची पेरं किती

माझ्या भाचीला सातपर्यंत मोजता येत नाही, असा संशय जर्मन सरकारला आला तेव्हा तिचा साताचा पाढा तोंडपाठ होता. पाढा इंग्रजीत होता, ती तो गाण्यासारखा म्हणायची आणि मधेच थांबवलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. पण आमच्या घरात याला गणित येणं म्हणतात.

ताई आणि जिजू न्युरेम्बर्गच्या बाहेर एका लहानशा गावात राहतात. दोघंही इंजिनिअर; जिजू गाड्यांच्या ब्रेकवर काम करतात. मी येना शहरात पीएचडी करते, प्रकाशाचे कण मोजणाऱ्या एका यंत्रावर. म्हणजे यंत्र मोजतं, आणि ते मोजायचं थांबलं की मी त्याच्याकडे बघत बसते. अधूनमधून शनिवार-रविवारी ताईकडे जाते. त्या घरात मला जो काही मान आहे तो एकाच कारणाने: माझी जर्मन बरी आहे. जिजू इतकी वर्षं ऑफिसात इंग्रजीवर भागवत आले आहेत आणि सरकारी पत्र आलं की मला फोन करतात. चार माणसांत बोलायचं म्हटलं की मी मागे सरकते, हे सगळ्यांना माहीत आहे. पण दुभाषा व्हायला लाजाळू माणूस बरा. तो स्वतःच्या पदरचं काही घालत नाही.

इथे मूल पहिलीत जाण्याआधी त्याची सरकारी डॉक्टरकडून तपासणी होते. एका पायावर उडी मार, माणसाचं चित्र काढ, ही बदकं मोज. बहुतेक मुलांसाठी ती नुसती औपचारिकता असते. पण भाचीचा वाढदिवस असा नेमका सीमेवर पडतो की डॉक्टरांनी मान हलवली तर ती सप्टेंबरात शाळेत, आणि नाही हलवली तर आणखी एक वर्ष कीटामध्ये, म्हणजे बालवाडीत, शेंबड्या पोरांबरोबर. शेजारच्या घरातली तिची जिवलग मैत्रीण सप्टेंबरात जाणार हे नक्की होतं. दोघींनी एकाच बाकावर बसायचं ठरवून टाकलं होतं. कोण खिडकीकडे बसणार यावरून एकदा भांडून, रडून, समेटही झाला होता.

ताईला बाकाची काळजी नव्हती. ती म्हणाली, "बालवाडीत नापास म्हणजे काय गं! मी आईला काय सांगू?"

"नापास नसतं ते," मी म्हटलं. "फक्त थांबवतात."

"तेच. मराठीत त्याला नापास म्हणतात."

जिजूंना मात्र काळजीच नव्हती. त्यांनी मुलीला पुण्याच्या एका ऑनलाइन ॲबॅकस क्लासला घातलं होतं. दर शनिवारी सकाळी स्क्रीनवर पंधरा मुलं हवेत बोटं नाचवत, नसलेले मणी वरखाली करत आणि एक मॅडम "व्हेरी गुड, व्हेरी गुड" म्हणत. भाचीची बोटं फार सुंदर नाचत. उत्तर बरोबर येत होतं की नाही हे मला कधी कळलं नाही, कारण मॅडमचं "व्हेरी गुड" उत्तराची वाट बघत नसे.

त्यातच जिजूंच्या आई, मी त्यांना काकू म्हणते, तीन महिन्यांसाठी आल्या. काकू सगळं मोजतात. कुकरच्या शिट्ट्या मोजतात, जप मोजतात, जिजू फोनवर किती वेळा 'जा, जा, गेनाऊ', म्हणजे 'हो, हो, अगदी बरोबर', म्हणाले तेही मोजतात. आणि मोजतात पेरांवर. आंगठा करंगळीच्या तळाशी ठेवायचा आणि एकेक पेर चढत जायचं. ताईच्या बाल्कनीतून रेल्वेचे रूळ दिसतात, मालगाड्या जातात. आजी आणि नात स्वेटर घालून तिथे उभ्या राहत आणि डबे मोजत, दोघींचे आंगठे चालू, तोंडं बंद. गाडी गेली की एकमेकींना आकडा सांगत आणि जुळला की खूश होत. मला ते दृश्य आवडायचं. ताईला आवडत नसे.

"आई, बोटांवर नका ना शिकवू. सवय लागते."

"बोटांवर कुठे? पेरांवर शिकवतेय."

ताईची भीती कुठून आली ते मला माहीत आहे, कारण आम्ही एकाच शाळेत होतो. पुण्यातली इंग्रजी शाळा. तिथे बोटं मोडून गणित करणं हे नाकात बोट घालण्याच्या एकच पायरी वर होतं. "फिंगर्स डाउन!" असं बाई ओरडत आणि पन्नास मुलं हात बाकाखाली घेत. बाकाखाली मग पन्नास आंगठे पेरांवर चालू. बाईंना वाटे की वर्ग आता डोक्याने गणित करतोय. मला ही पद्धत फार सोयीची पडली. उभं केलेलं बोट सगळ्या जगाला दिसतं, पेरावरचा आंगठा कुणाला दिसत नाही. अजूनही प्रोफेसर मीटिंगमध्ये "मुद्दे तीनच आहेत" म्हणाले की माझा आंगठा टेबलाखाली चालतो आणि सातव्या मुद्द्यापाशी मला बरं वाटतं.

त्या शाळेने मला आणखीही एक गोष्ट दिली. पन्नासच्या पुढचे मराठी आकडे मला येत नाहीत. काकूंना हे कळल्यापासून त्यांची करमणूक झाली.

"एकोणसत्तर म्हणजे गं किती?"

मी मनात एक कमी करून, इंग्रजीत नेऊन म्हणायची, "सिक्स्टी नाइन."

"चहा उकळला तेवढ्यात. आणि म्हणे ही डॉक्टर होणार!"

तपासणीच्या दिवशी ताईला रजा मिळाली नाही, म्हणून जिजू, भाची आणि मी असे गेलो. डॉक्टरबाई वयस्कर होत्या, चष्मा दोरीने गळ्यात, आवाज मऊ. भाचीने एका पायावर उड्या मारल्या, माणूस काढला, माणसाला पापण्याही काढल्या. जिजू माझ्याकडे बघून भुवया उडवत होते. मग बाईंनी सात बदकांचं कार्ड ठेवलं.

"किती बदकं आहेत?"

भाची गप्प. तिचा आंगठा चालू झालेला मला दिसला. अनोळखी माणसासमोर तिचं तोंड उघडत नाही. या गुणाचं श्रेय घरात मला दिलं जातं.

"बोलायचं नाही का? बरं. मग बोटांनी दाखव."

भाचीने हात वर केला. आंगठा अनामिकेच्या सगळ्यात वरच्या पेरावर टेकलेला, त्यामुळे ते बोट वाकलेलं, बाकीची तीन उभी. आमच्यासाठी ती एक जागा होती. डॉक्टरबाईंसाठी ती तीन बोटं होती.

"तीन?"

भाचीने नाही म्हणून मान हलवली आणि आंगठा आणखी जोरात दाबला. नख पांढरं झालं. मग नाइलाजाने, अगदी बारीक आवाजात म्हणाली, "झीबन."

"सात? बरं. आणि बोटं किती उभी आहेत?"

भाचीने बघितलं. खोटं कशाला बोलायचं. "तीन."

"म्हणजे सात आणि तीन सारखेच?"

हा प्रश्न पाच वर्षांच्या मुलीला पडू नये असा होता. तिने माझ्याकडे बघितलं. जिजूंना राहवेना. ते खुर्चीत पुढे सरकले आणि इंग्रजीत म्हणाले, "तिला मोठं काहीतरी विचारा. हे तिच्यासाठी फार लहान आहे." मग मुलीला मराठीत, "अगं बाळा, असं काय करतेस? ॲबॅकस लाव ना!"

भाची आज्ञाधारक आहे. तिने दोन्ही हात हवेत उचलले आणि बोटं नाचवायला लागली. सराईतपणे, नजर समोरच्या भिंतीत कुठेतरी लावून. डॉक्टरबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

"हातांची ही हालचाल घरीसुद्धा होते का?"

मी जिजूंना विचारलं. जिजू अभिमानाने म्हणाले, "एव्हरी डे! वीस मिनिटं तरी."

मी भाषांतर केलं. स्वतःच्या पदरचं काही घातलं नाही. बाईंनी ते लिहून घेतलं.

लिहिताना त्यांचा चेहरा फार प्रेमळ झाला. हा चेहरा मी ओळखते. आता त्या काहीतरी सुचवणार होत्या, अगदी हळुवारपणे, आणि ते मला मराठीत करून ताईला सांगावं लागणार होतं. म्हणून मी आयुष्यात क्वचित करते ते केलं. कुणी न विचारता बोलले.

मी म्हणाले, एक मिनिट, आमच्याकडे बोटं मोजत नाहीत, बोटांचे भाग मोजतात. आंगठा मोजणारा, प्रत्येक बोटाला तीन भाग. हात पुढे करून दाखवलं. बाईंना खरंच उत्सुकता वाटली. "आल्झो, तर मग," म्हणत त्यांनी पेन ठेवलं, स्वतःचा हात उलटा केला आणि भाचीचा आंगठा जिथे होता तिथपर्यंत मोठ्याने मोजत गेल्या. करंगळीचे एक, दोन, तीन. अनामिकेचे चार, पाच, सहा.

"सहा," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा मोजलं. सहाच.

"म्हणजे तुमच्या पद्धतीनेही तिचं चुकलंय," बाई म्हणाल्या. मला वाटतं त्यांना माझ्याबद्दल वाईट वाटत होतं.

मागून जिजू कडाडले. "तीन काय? चार! टोक धरून चार!"

मी वळले. "टोक कुठून आलं?"

"अगं टोक धरतातच. तीन पेरं आणि एक टोक. करंगळी चार, मग पाच, सहा, सात. बरोबर दाखवलंय तिने!"

"आमच्याकडे नाही धरत टोक."

"तुमच्याकडे चुकतंय मग."

"जिजू, टोक म्हणजे पेर नव्हे."

"आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या धरतात! आईला फोन लावू का?"

हे सगळं मराठीत, एका जर्मन सरकारी खोलीत, एका इंजिनिअरमध्ये आणि एका होऊ घातलेल्या शास्त्रज्ञामध्ये, बोटं वर करून. बदकं टेबलावर तशीच होती. भाची आळीपाळीने आमच्या हातांकडे बघत होती.

"काही अडचण आहे का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"एका बोटाला तीन की चार," मी म्हणाले, "ते घराण्यावर अवलंबून आहे."

"सात घराण्यावर अवलंबून असतात?"

"सात नाही. सातची जागा."

मी जर्मनीत बोललेलं सगळ्यात शास्त्रीय वाक्य ते हेच. माझ्या कुठल्याही निबंधात याच्याइतकं अचूक काही नाही. बाईंनी मात्र ते लिहून घेतलं नाही.

त्या वाईट नव्हत्या, हे सांगायला हवं. त्यांनी भाचीला स्टिकर दिला आणि आम्हाला समजावलं की मुलगी हुशार असेलही, पण वर्गात वीसेक मुलं असतात, मुलाने मोजलेली संख्या शिक्षिकेला दिसली पाहिजे. इथे मूल आंगठ्यापासून सुरू करून बोटं उभी करतं, आणि त्याला काय कळलंय ते लांबून दिसतं. पेरावरची संख्या दिसत नाही. म्हणून त्यांचं मत असं की एक वर्ष थांबावं. शेवटचा निर्णय शाळेच्या मुख्याध्यापिकांचा, त्यांच्याकडचा टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, पत्राने कळेल.

घरी पोचलो तेव्हा जिजूंनी गाडीतूनच बातमी दिली होती, त्यामुळे ताई ऑफिसातून आमच्याआधी येऊन दारातच उभी होती.

"आई, मी सांगत होते ना! नका शिकवू म्हणून!"

काकू शांतपणे म्हणाल्या, "माझ्यामुळे मुलगी नापास झाली असं सरळ म्हण ना."

"तसं नाही म्हटलं मी."

"आणि इथे कसं मोजतात गं?" काकूंनी मला विचारलं. मी आंगठा वर केला: एक. तर्जनी: दोन.

काकू बघतच राहिल्या. "आंगठा एक? आंगठा कसा मोजशील? तो तर मोजतोय! पाहुण्यांत वाढप्याला धरतात का?"

"अहो आई, धरतात इथे," ताई म्हणाली. "इथे वाढपीसुद्धा जेवायला बसतो."

पुढचे आठवडे घरात आंगठ्याचं राज्य होतं. ताई जेवताना विचारायची, "पोळ्या किती?" आणि भाचीने आंगठा आणि तर्जनी उभी केल्याशिवाय दुसरी पोळी पानात पडायची नाही. जिजूंनी ॲबॅकसचा वेळ वाढवला, पण हात मांडीखाली दाबून. मॅडम म्हणे त्याला ॲडव्हान्स लेव्हल म्हणतात. काकूंना बोलायची बंदी होती, म्हणून त्या नुसत्या उसासे टाकत. मी शनिवारी गेले की माझ्याकडे जर्मन आकड्यांचे उच्चार तपासायचं काम. ज्या घराला मुलीच्या मोजण्यात खोट दिसली होती त्या घरात आता सकाळ-संध्याकाळ, चमच्यांपासून चपलांपर्यंत, सगळं तिच्याकडून मोजून घेतलं जात होतं.

परिणाम व्हायचा तो झाला. भाचीने मोजणंच सोडलं. आंगठा उभा कर म्हटलं की करायची, सैनिकासारखा, आणि आकडा चुकवायची. एका दुपारी बाल्कनीत काकू हळूच म्हणाल्या, "गाडी आली बघ." लांबलचक मालगाडी गेली, नव्या मोटारी लादलेली. काकूंनी विचारलं, "किती गं?" भाचीचे दोन्ही हात जॅकेटच्या खिशात होते. "वाइस निश्ट," ती म्हणाली. माहीत नाही. ती आजीशीही जर्मनमध्ये बोलायला लागली होती. काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी भाषांतर केलं. त्यावर त्यांनी मला एकोणऐंशी विचारलं नाही, साठ-सत्तर काहीच विचारलं नाही, म्हणून कळलं की त्यांना लागलंय.

त्याच संध्याकाळी भाचीने मला एकटीला गाठून विचारलं, जर्मनमध्येच, "मावशी, मी नाही गेले तर ती खिडकीकडे कुणाबरोबर बसेल?"

मुख्याध्यापिकांकडे भाचीला घेऊन आम्ही चौघंही गेलो. काकू म्हणाल्या, माझ्यावर आरोप आहे, मी येणारच. मुख्याध्यापिका उंच, कापलेले पांढरे केस, बोलणं तुटक. आम्हाला त्यांनी वर्गात मागच्या लहान खुर्च्यांवर बसवलं. गुडघे हनुवटीपाशी घेऊन आम्ही बसलो. मी पुढे होऊन म्हणाले, मी भाषांतर करीन.

"कुणासाठी?" त्यांनी विचारलं. "तिची जर्मन तुमच्यापेक्षा चांगली आहे."

मी परत येऊन गुडघे वर घेऊन बसले.

त्यांनी टेबलावर मूठभर बटणं टाकली. "किती?"

भाचीचे हात खिशात. खिशाचं कापड जरासं हललं. "अकरा."

मुख्याध्यापिकांनी बटणं मोजली. अकरा होती. मग त्या खिशांकडे बघत म्हणाल्या, "आता हात टेबलावर. पसरून."

भाचीने हात काढले आणि टेबलावर पालथे ठेवले. मुख्याध्यापिकांनी बटणं मुठीत घेऊन, डब्यातली आणखी काही मिसळून, पुन्हा टाकली.

आमच्या रांगेत काय चाललं होतं ते मी बघितलं. ताईची बोटं ओढणीआड एकेक उभी राहत होती, आंगठ्यापासून. जिजूंची गुडघ्यावर नाचत होती. काकूंचा आंगठा पेरं चढत होता, टोकं धरून. माझा चढत होता, टोकं सोडून. दोन इंजिनिअर, एक पीएचडी आणि एक बीए, चारही जणांनी लांबून बटणं मोजायला हात वापरले, आणि जिचं भविष्य त्यावर होतं तिचे हात तेवढे टेबलावर स्वस्थ होते.

"तेरा," भाची म्हणाली.

माझे तेरा आले होते. काकूंनी मान डोलावली. जिजूंचे चौदा झाले होते हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

मुख्याध्यापिकांनी बटणं एकेक करून डब्यात टाकली. "गेनाऊ. तेरा. कशी मोजलीस?"

"सांगणार नाही."

"अगं सांग ना बाळा," जिजू मागून म्हणाले, "ॲबॅक..."

"पालकांनी कृपया," मुख्याध्यापिका मान न वळवता म्हणाल्या, जर्मनमध्ये, आणि जिजूंना पहिल्यांदाच दुभाष्याशिवाय सगळं समजलं. मग त्यांनी भाचीला विचारलं, "का नाही सांगणार?"

"सांगितलं की मग सगळे तसं करायला लावतात."

मुख्याध्यापिकांनी तिच्याकडे आणि मग आमच्याकडे, लहान खुर्च्यांवरच्या चौघांकडे, बघितलं. "सप्टेंबर," त्या म्हणाल्या. एवढंच. ताईला रडू आलं. जिजू माझ्या कानात म्हणाले, "शेवटी ॲबॅकसच कामी आलं ना!" काकू म्हणाल्या, "बघितलंस ना, टोक धरलं म्हणून जमलं." ताई डोळे पुसत म्हणाली की रोज पोळ्यांचा सराव घेतला त्याचं हे फळ.

बाहेर कॉरिडॉरमध्ये मुलांच्या टोप्या अडकवायच्या खुंट्या होत्या. ती तिघं श्रेय वाटून घेत पुढे चालली होती. मी भाचीपाशी वाकले आणि विचारलं, "मला सांगशील? मी काहीच करायला लावणार नाही."

तिने माझा अंदाज घेतला. मग तोंड उघडलं. जीभ वरच्या दातांवरून एकेक करत दहा जागा शिवत उजवीकडून डावीकडे गेली, तिथून खाली उतरली आणि तीन दातांवर थांबली. समोरच्या एका जागी दात नव्हता. तिथेही ती थांबून गेली होती.

"पडलेला पण धरायचा?" मी विचारलं.

तिने मान हलवली. अर्थात.

"काय म्हणतेय गं ती?" पुढून काकूंनी विचारलं.

"काही नाही काकू," मी म्हणाले. "दात पडलाय तो दाखवतेय."